जनसुनावणी

१. जनसुनावणी : पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेतला टप्पा. खाण, धरण, औष्णिक वीज केंद्र यांमुळे पाणी, हवा, जमीन आणि माणसांचे काय होईल, हे पहिली कुदळ पडण्याआधी तपासावे, हा त्या अधिसूचनेचा हेतू. झाडे तोडल्यावर केलेल्या पंचनाम्याने सावली परत येत नाही. म्हणून सुनावणीची किमान ३० दिवसांची पूर्वसूचना, प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, आणि शेवटी नोंदवलेले इतिवृत्त लोकांना त्यांच्याच भाषेत समजावून वाचून दाखवणे बंधनकारक आहे. तिथे मतदान होत नाही; पण विहीर आटेल अशी भीती एखाद्या शेतकऱ्याने मांडली, तर ती कागदावर यावी लागते आणि प्रकल्पकर्त्याला तिची दखल घ्यावी लागते. —संपा.