तंबाखू, मूत्राशय आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

विडी असो, मशेरी असो की चुन्यात मळलेली तंबाखू, निकोटीन रक्तात उतरतंच. यकृतात त्याचं बरंचसं कोटिनिन होतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं. धुराबरोबर आलेली अरोमॅटिक अमाइन्स ही कर्करोगकारक रसायनंही मूत्रपिंडातून मूत्राशयात येतात आणि लघवीला जाईपर्यंत तिथेच साचून राहतात. अमेरिकेत मूत्राशयाच्या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान हे कारण असतं. हा आजार सुरुवातीला बहुधा दुखत नाही. लघवीतून रक्त गेलं तरी माणूस ‘उष्णता झाली’ म्हणत सब्जाचं पाणी पीत राहतो, आणि तिथेच महिने वाया जातात.

शुक्राणूंचं दुखणं वेगळं. त्यांच्या आवरणात असंतृप्त मेदाम्लं भरपूर, त्यामुळे ऑक्सिडेशनचा तडाखा लवकर बसतो. पेशीद्रव्य नावापुरतंच, म्हणून स्वतःचा बचावही तोकडा. वीर्यातलं क जीवनसत्त्व ही कमी काही प्रमाणात भरून काढतं, पण धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरात तेच कमी असतं. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळीही वर्ष-दोन वर्षं आधी जाते.

निकोटीन दिलेल्या उंदरांना क किंवा ई जीवनसत्त्व दिलं की अंडकोषांची हानी कमी झालेली दिसते. गोळ्यांच्या जाहिराती उभ्या राहतात त्या अशाच प्रयोगांवर. माणसांत मात्र गणित इतकं सरळ नाही. अमेरिकेत 2,370 जोडप्यांतल्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत (2020) फॉलिक आम्ल आणि झिंक सहा महिने देऊनही वीर्य सुधारलं नाही, बाळंही जास्त झाली नाहीत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिन दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी वाढला (1994). रोज 400 युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के जास्त आढळला (2011). क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसमुळे पुरुषांना मुतखड्याचा धोकाही असतो.

धूम्रपान करणाऱ्याला रोज 35 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व जास्त लागतं. त्यासाठी एक पेरू किंवा आवळा पुरे, डब्याची गरज नाही. पण विडी चालू ठेवून पेरू खाल्ल्याने मूत्राशयातली रसायनं कमी होत नाहीत.

नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात, म्हणून तंबाखू सोडल्यावर वीर्यतपासणी तीन महिन्यांनी करावी. लघवीत रक्त एकदाच दिसलं तरी मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावं. व्यसन सोडण्यासाठी केंद्र सरकारचा 1800-11-2356 हा मोफत क्रमांक कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, कुठूनही लागतो.