समुपदेशकाची सनद

ज्या व्यवसायात औषधाची कुपी नाही, शल्यकर्माचे हत्यार नाही, बंद दाराआड दोन माणसांनी समोरासमोर बसून केलेले संभाषण एवढीच ज्याची सारी सामग्री, त्या व्यवसायाची सनद सरकारने कोणास द्यावी आणि कोणत्या अध्ययनाच्या आधारावर द्यावी, हा प्रश्न अमेरिकेतील राज्यांना सुमारे पन्नास वर्षे सतावीत आला आहे.

व्यवसायाचा उगम मात्र मनोविकारांच्या चिकित्सेत नव्हता. १९०८ च्या जानेवारीत बॉस्टनच्या नॉर्थ एंड ह्या स्थलांतरितांच्या वस्तीत फ्रँक पार्सन्स ह्या समाजसुधारकाने तरुणांना योग्य उपजीविका निवडण्यास साह्य करणारे एक कार्यालय उघडले. आलेल्या तरुणाच्या हाती तो एक लांबलचक प्रश्नावली देई. प्रकृती, सवयी, वाचन, महत्त्वाकांक्षा ह्यांची उत्तरे घरी निवांत बसून लिहावयास सांगे. इतकेच नव्हे तर आरशासमोर उभे राहून आपली मुद्रा व वागणूक स्वतःच न्याहाळण्याचीही सूचना करी. असा सल्ला देणाऱ्यांना स्वतंत्र शिक्षण हवे हेही त्याने ओळखले होते. परंतु त्याच वर्षी तो निवर्तला आणि त्याचा ग्रंथ १९०९ मध्ये त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

पुढे १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, आणि बुद्धिमान विद्यार्थी हुडकून विज्ञानाकडे वळवावेत म्हणून अमेरिकेने १९५८ च्या कायद्यान्वये शालेय मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणावर सढळ हाताने पैसा ओतला. १९६३ च्या कायद्याने सामुदायिक मानसिक आरोग्यकेंद्रांचा मार्ग खुला केला. शाळेसाठी घडवलेले हे मार्गदर्शक अशा केंद्रांतून आणि खाजगी कार्यालयांतून दुःखी, भयग्रस्त, संसारात पोळलेल्या माणसांचे ऐकू लागले, तेव्हा परवान्याचा प्रश्न अटळ झाला.

त्याला तोंड फुटले व्हर्जिनियात. परवान्याविना मानसशास्त्राचा व्यवसाय करतो, असा आरोप तेथील मानसशास्त्रज्ञांच्या परीक्षक मंडळाने एका समुपदेशकावर ठेवला. १९७४ मध्ये न्यायालयाने समुपदेशन हा मानसशास्त्राहून पृथक् व्यवसाय असल्याचे मान्य केले, आणि दोन वर्षांत, १९७६ मध्ये, समुपदेशकांना स्वतंत्र परवाना देणारे व्हर्जिनिया हे पहिले राज्य ठरले. कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला तो २००९ मध्ये, सर्वांत शेवटी.

परवाना राज्याचा, पण विद्यापीठांचे अभ्यासक्रम पारखायचे कोणी? त्यासाठी १९८१ मध्ये केकरेप ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी परिषद स्थापन झाली. तिच्या मानदंडांतील मला सर्वाधिक मोलाची वाटणारी कलमे ग्रंथाभ्यासाची नव्हेत, अनुभवाची आहेत: प्रारंभीच्या प्रात्यक्षिकाचे किमान १०० तास, त्यांतील ४० प्रत्यक्ष अशिलांच्या सहवासात; पुढील उमेदवारीचे ६०० तास, त्यांतील २४० तसेच; आणि ह्या काळात अनुभवी व्यक्तीची नियमित देखरेख. व्याकुळ माणसासमोर केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकातून साध्य होत नाही. म्हणून ह्या तासांना मी तडजोड न करण्याजोगी अट मानतो.

अध्यापकांविषयीच्या अटीचे मात्र मी तसे समर्थन करू शकत नाही. २००९ च्या मानदंडांनी नव्या प्रमुख अध्यापकांसाठी समुपदेशन-शिक्षणातीलच डॉक्टरेट जवळजवळ अनिवार्य केली. सवलत मिळाली ती आधीपासून शिकवीत असलेल्यांना. मानसशास्त्रज्ञांच्या मक्तेदारीतून जो व्यवसाय न्यायालयात जाऊन सुटला, त्याच व्यवसायाने मानसशास्त्राच्या विद्वानांना आपल्या वर्गाबाहेर ठेवावे, ह्यात विद्येची हानी आहे. मानसशास्त्रीय परंपरेतील अभ्यासक्रमांनी पुढे आपली निराळी मान्यता-परिषद उभारली, ती ह्याच दुराव्याची परिणती होय.

वादाचा भार विद्यार्थ्यांवर पडतो. ओहायोने २०१८ पासून नव्या उमेदवारांसाठी केकरेपची मान्यता आवश्यक केली. अन्य अनेक राज्यांत समकक्ष अभ्यासक्रमही चालतो. २०२४ च्या जानेवारीपासून वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यातून, म्हणजे मेडिकेअरमधून, समुपदेशकांना मोबदला मिळू लागला आहे. तथापि एका राज्यात रीतसर सनद मिळवलेला समुपदेशक संसार उचलून दुसऱ्या राज्यात गेला, तर त्याच्या पदवीची छाननी पुन्हा पहिल्यापासून होण्याचा संभव आजही आहे.