फर्मानबाडी

मोगल बादशहाचे फर्मान स्वीकारण्यासाठी गावाबाहेर उभारलेला डेरा आणि तेथे होणारा समारंभ. सुभेदार असो की मांडलिक राजा, त्याने घरी बसून फर्मान घ्यायचे नाही, अशी रीत होती. सामोरे जायचे, मुजरा करायचा, नजर, म्हणजे भेट, ठेवायची आणि खिलत, म्हणजे मानाची वस्त्रे, अंगावर चढवायची. बादशहा शेकडो कोसांवर असला, तरी त्याच्या कागदाला त्याचाच मान मिळे. पुरंदरच्या तहानंतर १६६५ मध्ये औरंगजेबाचे फर्मान आले, तेव्हा शिवाजी महाराजही त्याला सामोरे गेले होते.

पुण्याची फर्मानबाडी २२ जून १७९२ रोजी झाली. बादशहा शाह आलम दुसरा याने १७८४ मध्ये पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’, म्हणजे साम्राज्याचा सर्वाधिकारी, हे पद देऊन मराठा सरदार महादजी शिंदे यांना त्यांचे नायब केले होते. त्या पदाची वस्त्रे घेऊन महादजी पुण्यास आले. पेशवा छत्रपतींचा सेवक, त्याने बादशाही किताब का घ्यावेत, असा पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचा आक्षेप होता. अखेर साताऱ्याहून छत्रपतींची परवानगी आणवली गेली.

शिंद्यांच्या छावणीपासून काही अंतरावर डेरे दिले होते. आत बादशहाचे सिंहासन मांडून त्यावर फर्मान व खिलत ठेवली होती. अठरा वर्षांच्या पेशवे सवाई माधवरावांनी तीनदा मुजरा केला, १०१ मोहरांची नजर ठेवली आणि ते डाव्या बाजूस बसले. फार्सी मुनशीने फर्मान वाचले. सोबत गोवधबंदीचा हुकूमही वाचला गेला. मग वस्त्रे, जवाहीर, ढाल-तलवार, शिक्का, कलमदान, मोरचेले, नालकी (एक प्रकारची पालखी) आणि माहीमरातब (माशाचे बादशाही मानचिन्ह) देण्यात आले. छत्रपतींचे थेट सेवक म्हणवणारे मानकरी मात्र नाखूश होते.

ज्याच्या नावाने हे सारे झाले, त्या बादशहाचे डोळे रोहिला सरदार गुलाम कादिराने १७८८ मध्येच काढले होते आणि दिल्लीची गादी महादजींच्या फौजेवर टिकून होती. म्हणून या दरबाराला निव्वळ थाट म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. हिंदुस्थानातील मुलूखगिरी, तिचा हिशेब आणि होळकरांशी चुरस यांवरून महादजींचे नानांशी बिनसले होते. बादशाही सनद हे त्या वादातले त्यांचे वजनदार हत्यार होते. नबाब, राजपूत राजे आणि इंग्रज कंपनी, सगळेच मोगली सनदेची भाषा बोलत. बंगालची दिवाणी कंपनीने १७६५ मध्ये याच शाह आलमकडून मिळवली होती. पुढे १८०३ मध्ये दिल्ली जिंकल्यावरही कंपनीच्या रुपयांवर मोगल बादशहाचेच नाव राहिले. ते १८३५ मध्ये काढण्यात आले.