गुप्त नभोवाणीच्या उषाताई

नभोवाणीवरून स्त्रीचा आवाज ऐकू येण्यात आज आमच्या घरांतून कोणास नवल वाटत नाही. १९४२ साली मात्र त्यापायी एका पदवीधर तरुणीस चार वर्षांची सक्तमजुरी झाली. डॉ. उषा मेहता या ना आमच्या ज्ञातीच्या, ना आमच्या मातृभाषेच्या. त्यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतेजवळील सरस या गावी झाला. तथापि त्यांचे ऋण आम्हा वैदर्भीयांवर आहे, ते असे.

९ ऑगस्टला पुढारी कैद झाले आणि वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. तेव्हा उषाताईंनी विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदी सोबत्यांसह मुंबईत काँग्रेस रेडिओ उभारला. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवरून त्यांचा आवाज प्रथम उमटला. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र जागोजागी हलवावे लागे. डॉ. राममनोहर लोहिया यांचे साह्य होते.

१६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातील आष्टी व चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला. हे दोन्ही जिल्हे आमच्या यवतमाळच्या सीमेस लागूनच आहेत. गोळीबार झाला, जमावाच्या हातून अधिकारीही मारले गेले, आणि पुढे चिमुरास लष्कर येताच आयाबहिणींवर जे अत्याचार झाले ते छापण्याची कोणा पत्राची छाती नव्हती. ती हकीकत या गुप्त नभोवाणीने देशास ऐकविली. चिमूरच्या स्त्रियांचे दुःख मुंबईच्या एका स्त्रीने आपले मानले, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

महात्माजींना गुप्त कार्य मान्य नव्हते. १९४४ साली सुटकेनंतर त्यांनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. तरीही, अल्पमतीने आम्हांस वाटते की, जेथे सत्य बोलण्याचा उघड मार्गच बंद झाला होता तेथे उषाताईंना दोष देता येणार नाही.

अखेर एका तंत्रज्ञानेच फितुरी केली. १२ नोव्हेंबरला ध्वनिक्षेपण चालू असतानाच पोलीस आत शिरले. पुढे कित्येक महिने चौकशी झाली. परंतु बाईंनी तोंडातून अक्षर काढले नाही. ज्यांचा आवाज सरकारला बंद करावयाचा होता, त्यांना बोलते करणे मात्र त्याच सरकारला साधले नाही!

१९४६ साली येरवड्याहून सुटल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि विल्सन महाविद्यालयात सुमारे तीस वर्षे राज्यशास्त्र शिकविले. आम्ही स्वतः शिक्षकी पेशातले, म्हणून हे आवर्जून नमूद करतो. खादी त्यांनी कधी सोडली नाही. मणिभवनातील गांधी स्मारकाची धुरा त्यांनी वाहिली. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. अंगात ताप असूनही ९ ऑगस्ट २००० रोजी त्या नेहमीप्रमाणे ऑगस्ट क्रांती मैदानावरील समारंभास गेल्या. तेथून थकून घरी परतल्या आणि दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्यांनी देह ठेवला.