बारीक माणसालाही हार्ट अटॅक का येतो? हृदयविकाराची कारणं समजून घ्या

‘अरे, तो तर किती सडपातळ होता, त्याला कसा काय अटॅक आला?’ चाळिशीतल्या कुणाच्या हार्ट अटॅकची बातमी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली की हा प्रश्न ठरलेला असतो. जाड माणूस म्हणजे धोका आणि बारीक म्हणजे फिट, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. भारतीयांच्या बाबतीत ते बरेचदा चुकतं.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. म्हणजे कागदावर दोघंही ‘नॉर्मल’. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! हातपाय बारीक, चरबी मात्र आत आणि पोटाभोवती, अशी आपल्याकडच्या अनेकांची ठेवण असते. ही पोटातली चरबी शुगर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही बिघडवते. म्हणून वजनकाट्याइतकीच मोजपट्टीही महत्त्वाची. कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि बायकांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर तपासण्या करून घ्यायला हव्यात.

आत नेमकं काय होतं?

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या अस्तरात कोलेस्टेरॉलचा थर साचत जातो. हे काम वीस-तीस वर्षं गुपचूप चालतं. बीपी, शुगर आणि तंबाखू त्या अस्तराला इजा करत राहतात. मग एक दिवस थर फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत रक्तपुरवठा थांबतो. फुटणारा थर मोठाच असतो असं नाही, त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत काहीच त्रास नसणं शक्य आहे. अटॅक अचानक येतो, आजार नाही.

याच २००४ मध्ये ५२ देशांतल्या रुग्णांचा ‘इंटरहार्ट’ अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या अटॅकचा जवळपास ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला आढळला. त्यात सगळ्यात वजनदार ठरल्या दोन: रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण आणि धूम्रपान. बाकी यादी ओळखीचीच आहे: मधुमेह, उच्च रक्तदाब, सुटलेलं पोट, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं, दारूचाही त्यात समावेश होता. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येत होता.

‘मी सिगारेट ओढत नाही, फक्त तंबाखू खातो’ हा बचावही इथे टिकत नाही. चघळायच्या तंबाखूनेही अटॅकचा धोका वाढतो. गुटखा आला, खेड्यापाड्यातल्या बायका दातांना लावतात ती मिश्रीही आली.

बायकांचं काय?

पाळी सुरू असेपर्यंत बायकांना काहीसं संरक्षण असतं, मेनोपॉजनंतर ते कमी होतं. गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली होती का, हे पुढे डॉक्टरांना क्वचितच कुणी सांगतं. सांगायला हवं, कारण अशा बायकांना नंतरच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका जास्त असतो.

राहिली आनुवंशिकता. वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तपासण्यांसाठी चाळिशीची वाट बघू नये. अशा घरांत डॉक्टर ‘लायपोप्रोटीन ए’ ही रक्ततपासणीही सुचवू शकतात. याचं प्रमाण मुख्यतः जनुकांवर ठरतं आणि डाएटने फारसं हलत नाही, त्यामुळे बहुतेकांना ती आयुष्यात एकदा केली तरी पुरते.