वैद्यक आणि लिंगभाव : एका शब्दाचा प्रवास

मराठी व्याकरण शिकताना दगड पुल्लिंगी का, वीट स्त्रीलिंगी का आणि घर नपुंसकलिंगी का, असा प्रश्न एखादा धीट विद्यार्थी विचारतोच. मास्तर त्याला ‘तो दगड, ती वीट, ते घर म्हणून’ एवढेच सांगून पुढच्या धड्याकडे वळतात. मास्तरांचे यात काही चुकत नाही. दगडाचे लिंग दगडाच्या अंगी नसते, ते बोलणाऱ्यांनी त्याला दिलेले असते. आपल्याकडच्या बोलीत तर ‘पोट्टा’, ‘पोट्टी’ आणि ‘पोट्टं’ ही तिन्ही रूपे एकाच अंगणात खेळत असतात.

इंग्रजीतील ‘जेंडर’ हा शब्द विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यत्वे अशा व्याकरणाच्या वर्गातच वावरत होता. तेथून तो रुग्णालयात कसा शिरला, रुग्णालयातून समाजशास्त्रात कसा गेला, आणि तेथून पुन्हा वैद्यकाच्या दारात फिर्यादी होऊन कसा उभा राहिला, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे. मराठीत आता त्याला ‘लिंगभाव’ म्हणतात. देहाचे ते लिंग. त्या देहाकडून समाज जी वागणूक अपेक्षितो आणि माणूस स्वतःला मनाशी जे समजतो, तो लिंगभाव. हा विषय बाल्टिमोर आणि लंडन येथला आहे, त्याचे वर्ध्याला काय, असे कोणास वाटेल. परंतु या इतिहासाची काही महत्त्वाची पाने वर्ध्यापासून आठ किलोमीटरच्या आत लिहिली गेली आहेत.

प्रथम बाल्टिमोरकडे वळू. तेथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अशी बालके आणली जात की ज्यांची शरीररचना पाहून मुलगा की मुलगी हे सांगता येत नसे. ग्रंथी एक सांगत, बाह्य अवयव दुसरेच सांगत, आणि वाढविलेले असे तिसऱ्याच रीतीने. जॉन मनी या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली या रुग्णांविषयी लिहिताना व्याकरणातला तो शब्द उचलला. बालक स्वतःला पुरुष समजते की स्त्री, हे ग्रंथीवरून नव्हे तर बव्हंशी संगोपनावरून ठरते, असा त्याचा सिद्धांत होता. यात मोठी उदारता होती, कारण देहाने माणसाच्या कपाळी शिक्का मारलेला नाही असे तो सांगत होता. पण या उदारतेच्या पोटातून शस्त्र निघाले. संगोपनच सर्व ठरवीत असेल, तर लहानपणीच शस्त्रक्रिया करून बालकाला सोयीच्या बाजूस बसवून का टाकू नये? कॅनडातील एका मुलाच्या अवयवाला सुंतेच्या वेळी भाजून इजा झाली, तेव्हा मनीच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढविले गेले. कित्येक वर्षे तो प्रयोग यशस्वी म्हणून ग्रंथांत नोंदला गेला. वस्तुतः त्या मुलाने ते मुलीपण कधीच स्वीकारले नव्हते. मोठेपणी तो पुरुष म्हणून जगला, १९९७ मध्ये सत्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २००४ साली त्याने जीवन संपविले. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने अशा बालकांवरील अनावश्यक शस्त्रक्रियांना तमिळनाडूपुरती बंदी घालण्यास २०१९ साल उजाडले.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९६८ साली रॉबर्ट स्टोलर या मनोविकारतज्ज्ञाने ‘लिंग’ आणि ‘लिंगभाव’ यांतील भेद ग्रंथरूपाने मांडला. १९७२ साली अ‍ॅन ओक्ले या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी तो भेद सर्व स्त्रियांच्या स्थितीला लावून दाखविला. मग स्त्रियांनी तोच शब्द घेऊन वैद्यकाला उलट विचारले की, तुम्ही आमच्या देहाचा धर्म म्हणून जे सांगता, त्यातले देहाचे किती आणि तुमच्या घरच्या रीतीचे किती?

शब्द नवा असला तरी प्रश्न जुना होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शुक्राचे आधिक्य झाल्यास पुत्र, आर्तवाचे झाल्यास कन्या आणि दोन्ही समान झाल्यास नपुंसक, असा विचार आहे. शिवाय त्या तिसऱ्या वर्गाचे अनेक पोटभेदही दिले आहेत. हे वाचून ‘सर्व काही आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. प्राचीनांनी स्त्री आणि पुरुष या दोन कोठड्यांपलीकडचे मनुष्य पाहिले होते, एवढे खरे. पण त्यांना त्यांनी दोषांच्या यादीतच बसविले, हेही तितकेच खरे.

आता आपल्या गावाकडे येऊ. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर या अमेरिकन बाई गांधीजींना भेटण्यासाठी वर्ध्यास आल्या. गांधीजी त्या वेळी मगनवाडीत राहत. सँगरबाई मूळच्या परिचारिका. १९१६ साली ब्रुकलिनमध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्यासाठी तुरुंगवास सोसला. आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्वे १९२१ पासून हेच काम मुंबईत करीत होते आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवीत होते, हे येथे विसरू नये. सँगरबाईंना गांधीजींचा पाठिंबा हवा होता. तो मिळाला नाही. कृत्रिम साधने नकोत, संयम हाच उपाय, आणि स्त्रीने आपल्या पतीला नकार देण्यास शिकले पाहिजे, हे गांधीजींचे म्हणणे. बाळंतपणांनी पिचलेल्या स्त्रीला नकाराचा उपदेश पुरत नाही, तिच्या हाती साधन दिले पाहिजे, हे सँगरबाईंचे.

या संभाषणाकडे संततिनियमनाचा वाद म्हणूनच पाहण्याची प्रथा आहे. आम्हांस त्यात दुसरे काही दिसते. दोघेही वैद्यकाच्या प्रश्नावर बोलत होते, आणि दोघांनीही तो प्रश्न गर्भाशयाचा न ठेवता घरातील सत्तेचा केला. त्यांतही विवाहित स्त्रीला नकाराचा अधिकार आहे, हे गांधीजींचे वाक्य कायद्याच्या फार पुढे होते. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही प्रौढ पत्नीवर पतीने केलेली बळजबरी बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवली आहे. तथापि दिवसभर रोजावर राबून रात्री चुलीपुढे बसणारी बाई हा नकार कशाच्या बळावर देणार, याचे उत्तर मगनवाडीत मिळाले नाही. त्या बाबतीत आमचे माप सँगरबाईंच्या पदरात पडते.

सेवाग्रामला रुग्णालय निघाले ते स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी. गांधीजींच्या वैद्यक डॉ. सुशीला नायर यांनी १९४५ च्या सुमारास पंधरा खाटांवर ते सुरू केले. कस्तुरबांचे नाव त्याला मिळाले. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, तेथेच महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था उभी राहिली. मधल्या काळात, १९६२ ते १९६७ पर्यंत, सुशीलाबाई केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. आणि १९६५ मध्ये गर्भाशयात बसविण्याचा ‘लूप’ सरकारी कार्यक्रमात आला तो त्यांच्याच कारकिर्दीत. साधन मिळाले खरे, पण ते स्त्रीच्या हाती न येता सरकारच्या उद्दिष्टांच्या तक्त्यात गेले. दवाखान्याने तिला ओळखले ते दोनच रूपांत, गर्भार असलेली किंवा गर्भ टाळावयाची.

या दोन रूपांखेरीज ती आजारीही असते, हे कोणी मोजले नव्हते. ते मोजले विदर्भातच. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी आधी वर्ध्यात काम केले आणि मग ते गडचिरोलीस गेले. अभय बंगांचे बालपणही सेवाग्राममधले. गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांचा निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, एकेकीला सरासरी ३.६ रोग, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. अंगावरून जाणे, कंबर दुखणे हे ‘बाईच्या जातीला असायचेच’ असे ज्याला आपण म्हणत आलो, ते रोग होते आणि बरे होण्यासारखे होते. लिंगभाव हा शब्द त्या आकड्यांइतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कशाने समजावता येईल असे आम्हांस वाटत नाही.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. येथे वैद्य रोग बरा करण्यास नव्हे, तर साक्ष देण्यास उभा असतो. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. मुलीचे वय १४ ते १६ च्या दरम्यान. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. आम्ही ते येथे घेत नाही. वैद्यकीय तपासणीत योनिपटलावर जुन्या खुणा असल्याचे आणि दोन बोटे सहज जात असल्याचे नोंदले गेले. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यावरून ती शरीरसंबंधास सरावलेली असल्याचे धरले आणि आरोपींना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे त्यातले एक कारण. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार विधिज्ञांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

कायदा बदलला, पण तपासणी बदलली नाही. याचे कारण ती पाठ्यपुस्तकात होती. जयसिंग मोदी यांचा न्यायवैद्यकावरील प्रसिद्ध ग्रंथ १९२० साली निघाला, आणि त्या परंपरेतील पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ‘कौमार्याची लक्षणे’ पाठ केली. योनिपटल हे जन्मतःच निरनिराळ्या आकारांचे असते, ते ताणले जाते, खेळण्यापडण्यानेही त्यात फरक पडतो, काहींच्या बाबतीत संबंधानंतरही तसेच राहते. त्यावरून स्त्रीच्या पूर्वायुष्याविषयी काहीही सांगता येत नाही. पुरुषाच्या कौमार्याचे लक्षण मात्र या ग्रंथांत कोठे सापडत नाही. देहाचे शास्त्र असते, तर दोन्ही देहांविषयी असते! सासूने सुनेची परीक्षा पाहावी, तशी ही परीक्षा शास्त्राचा अंगरखा घालून बसली होती.

तिला हात घातला सेवाग्रामने. तेथील न्यायवैद्यक विभागातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अत्याचारग्रस्तांच्या तपासणीविषयी सविस्तर अहवाल तयार केला. तपासणीला एकसारखा नमुना नाही, डॉक्टरांना शिक्षण नाही, आणि दोन बोटांची चाचणी तर निराधार आहे, असे त्यात दाखविले होते. त्या अहवालाच्या आधारे नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका गेली. मुंबईत ‘सेहत’ ही संस्था पालिकेच्या रुग्णालयांत याच दिशेने काम करीत होती. २०१३ साली महाराष्ट्र शासनाने तपासणीचे नियम ठरवून दिले; त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असे म्हटले; आणि त्याच वर्षीच्या फौजदारी दुरुस्तीने प्रत्येक रुग्णालयावर, खासगीवरसुद्धा, अशा स्त्रीला तत्काळ विनामूल्य उपचार देण्याचे बंधन घातले. या तिसऱ्या गोष्टीला आम्ही सर्वांत अधिक मोल देतो. तोवर ती मुद्देमालासारखी एका टेबलावरून दुसऱ्यावर पाठविली जाई. आता आधी ती रुग्ण ठरली, तिची संमती विचारणे प्राप्त झाले, आणि पुरावा त्यानंतर आला.

पाठ्यपुस्तक उरले होते. खांडेकरांनी त्याविषयीही लेखी मागणी केली आणि २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, यापुढे दोन बोटांची चाचणी करणारा गैरवर्तनास पात्र धरला जाईल असे सांगून, वैद्यकीय अभ्यासक्रम तपासण्याचाही आदेश दिला.

इतके झाल्यावर हा विषय मिटला असे कोणासही वाटले असते. परंतु ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने साऱ्या देशासाठी जो नवा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यात योनिपटल आणि कौमार्य यांचे प्रकरण परत आले होते. समलिंगी संबंधही ‘अनैसर्गिक’ गुन्ह्यांच्या सदरात बसविले होते. देशभरातून हरकती गेल्या. ५ सप्टेंबर रोजी आयोगाने तो अभ्यासक्रम मागे घेतला, आणि त्याच महिन्यात सुधारून पुन्हा प्रसिद्ध केला. नाशिकला जे वगळावयास शंभराच्या आसपास वर्षे लागली, ते दिल्लीच्या एका परिपत्रकाने पाच वर्षांत परत येऊ शकले आणि आठवड्याच्या आत परतविताही आले, इथपर्यंत ही हकिगत आली आहे.