विनातिकीट, रात्रीच्या पॅसेंजरनं

नववीत असताना नागपूरहून एकदा विनातिकीट निघालो. पैसे सकाळीच तर्री-पोह्यात उडवले होते. बुटीबोरीपुढं टीसीनं धरलं.

"कुठं चाल्ला बे?"

"हिंगणीला, साहेब. सेलू रोडला उतरतो."

"पुढच्याच स्टेशनावर उतरवतो तुला!"

बाहेर मिट्ट काळोख. पाय लटपटले. पण उतरवलं नाही त्यानं. सेलू रोडला बाबा लूना घेऊन उभे होते. दंड त्यांनी भरला, हिंगणीपर्यंत चकार शब्द काढला नाही.

परवा सहज 1989 चा रेल्वे कायदा चाळला. (मॅन्युअल वाचायची खोड, दुसरं काय!) कलम 139 म्हणतं, विनातिकीट प्रवाशाला उतरवता येतं, पण सोबत पुरुष नसलेली बाई किंवा मूल असेल, तर प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण इथंच. तेही फक्त दिवसा.

7 जून 1893 च्या रात्री पीटरमारित्झबर्गला गांधीजींना गाडीतून ढकललं, तेव्हा त्यांच्याकडे पहिल्या वर्गाचं तिकीट होतं. तरी ऐन थंडीत रात्र स्टेशनात काढावी लागली. तेच गांधीजी 1936 मध्ये आमच्या वर्धा जिल्ह्यात राहायला आले, शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला.

चूक माझीच होती, दंड रास्तच. पण दंड वेगळा आणि अंधारात सोडून देणं वेगळं, हे कायद्यानं लिहून ठेवलंय. त्या टीसीला ते कलम पाठ होतं की तो मुळातच भला होता, कुणास ठाऊक. असो.